दारात नेऊन बघणारी पम्मक्का

हात सुटला. म्हणजे खरं बोलायचं तर मीच सोडला. पदर खांद्यावरनं घसरला म्हणून एका हातानं सावरला, दुसऱ्या हातात पिशवी, आणि तेवढ्यात जुईचा हात कुठं गेला ते मला कळलंच नाही. बेंगळुरातली शनिवारची चिकपेट. डोक्यावर साड्यांचे गठ्ठे घेतलेले हमाल, मधेच स्कूटर, मधेच गाय, आणि माझी दोन वर्षांची पोर त्या सगळ्यांच्या गुडघ्याएवढी. मी ओरडायला लागले, जुई, जुई, ए जुई. अर्धी गल्ली वळून बघायला लागली, गाय पण बघायला लागली, जुईचा पत्ता नाही. मी पुढं पळाले, मग वाटलं मागं राहिली असेल म्हणून मागं पळाले, घाईत दुसऱ्याच बाईची पोर उचलून चार पावलं चालले पण, ती बाई मला मारायला धावली. घसा बसला. आणि मग बघते तर जिथं हात सुटला तिथनं सहा पावलांवर, एका फॉल-पिकोच्या दुकानाच्या पायरीशी, जुई उकिडवी बसलेली. शिलाई मशीनच्या फिरत्या चाकाकडं बघत. मी सहा पावलांवर बोंबलत होते आणि तिनं मान सुद्धा वळवली नव्हती.

मी तिला उचललं, मुके घेतले, आणि मुके घेऊन झाल्यावर पाठीत एक धपाटा घातला. दुसऱ्यासाठी हात उगारला तर तो कुणीतरी धरला. मशीनवरची म्हातारी. सुपारीएवढा अंबाडा, नाकावर घसरलेला चष्मा, आणि ओठांत सात-आठ टाचण्या. त्या टाचण्या न सांडता म्हणली, "मारतीस कशाला? ऐकून वळली नाही तर मार. आधी ऐकलं का बघू, स्वल्प थांब."

मग ती जुईच्या मागं जाऊन उभी राहिली आणि तीनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला पायरीखालचं कुत्रं उठून निघून गेलं. जुई चाकाकडंच बघत होती. मग म्हातारीनं खणातनं बिस्किटाचा पुडा काढला आणि त्याचा कागद नुसता चुरगळला, मला पण ऐकू येईना इतका हळू. जुई गर्रकन वळली.

म्हातारीनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. एकेक करून गादीत टोचल्या. शेजारच्या दुकानातला अण्णा कापड मोजायचा थांबला आणि आमच्याकडं बघत राहिला. त्यानं असं का केलं ते मला तेव्हा कळलं नाही.

"कान आहेत," म्हातारी म्हणली. "हिला एकदा दारात नेऊन बघायला पाहिजे."

मला वाटलं बाई उतारा टाकायला सांगतीय. जुईला काखेत मारून मी पळाले ती घर येईपर्यंत थांबले नाही. संध्याकाळी दूध आणायला दार उघडलं तर समोरच्या दाराला कुलूप लावत तीच बाई. आठच दिवस झालते आम्हाला त्या घरात येऊन. आता पळून तरी कुठं जाणार.

ही पम्मक्का. नाव पद्मा, पण त्या गल्लीत पूर्ण नाव फक्त लाइटच्या बिलावर असतं. चार पिढ्यांपासून तिचं घराणं बेंगळुरात शिवणकाम करणारं. घरात मराठीच बोलायचे म्हणे, पण ते मराठी ऐकून मला आधी वाटलं बाईला ताप आलाय. "अय्यो, तू जेवलीस की इल्ला?" असं विचारायची. साकु म्हणजे पुरे आणि सरी म्हणजे बरं, एवढं मला तिच्यामुळं आलं, मी नववीत शाळा सोडलेली, त्यानंतर शिकलेली पहिली गोष्ट तीच.

तिच्या दुकानात ट्यूबलाइट होती पण तिच्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. गिऱ्हाईक साडी घेऊन आलं की ही साडीचा पदर आणि फॉलचा तुकडा घेऊन उठायची, दुकानाच्या दारात यायची, उन्हाकडं धरायची, मान तिरकी करायची. मगच रंग ठरवायची. गिऱ्हाईक म्हणायचं, अक्का, दिसतंय की, जांभळाच आहे. ही म्हणायची, "ट्यूबलाइट खोटं बोलते. दारात चल." भाजीवाल्याची वांगी दारात. दवाखान्यातनं आणलेला एक्सरे दारात. पुतण्यासाठी मुलीचा फोटो आला तर तो पण दारात नेऊन बघितला आणि म्हणली, मुलगी चांगली आहे, फोटोवाला चोर आहे.

आणि टाचण्या. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात तिच्या ओठांत टाचण्या. त्यातनंच बोलायची, हसायची, फोन घ्यायची. एकदा तर शिंकली पण, एक टाचणी पडली नाही. सगळ्या गल्लीला माहीत होतं, पम्मक्कानं टाचण्या काढल्या म्हणजे गोष्ट साधी नाही. भाऊ-भाऊ भांडायला लागले आणि तिनं टाचण्या काढल्या की भांडण तिथंच थांबायचं, कोण बरोबर ते नंतर ठरायचं.

आता आमचं सांगते. आम्ही विट्याकडचे. आमच्याकडची माणसं देशभर गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची. सोनारांच्या दुकानातली झाडलोट सुद्धा पोत्यानं आणायची, भट्टीत घालायची, धुळीतनं सोनं काढायचं. जुईचे पप्पा तेच करतात. त्यामुळं घरात काही बिघडलं की त्यांना पहिला प्रश्न पडतो, भेसळ कुठं झाली.

जुई बोलत नव्हती. दीड वर्षाची असताना बाय म्हणायची, पापा म्हणायची, ते पण हळूहळू गेलं. सगळे म्हणायचे किती शहाणी पोर, रडत नाही, त्रास नाही, एक ताटली फिरवत दिवस काढते. मला पण अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. चिकपेटेतला प्रकार झाल्यावर मात्र मी घाबरून जुईच्या पप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी निकाल दिला. घरात मराठी, जिन्यात कन्नड, टीव्हीवर हिंदी. पोरीच्या डोक्यात तीन धातू एकत्र झालेत. दोन काढून टाकले की उरेल ते शंभर टक्के मराठी.

गावाकडनं माझ्या सासूनं, आम्ही आत्याबाई म्हणतो, फोनवर दुजोरा दिला. "ह्येच म्हणती मी कवापासनं. पोरगी गोंधळलीया."

मग आमच्या घरात गाळणी लागली. टीव्ही बंद. गल्लीकडची खिडकी बंद. फूलवाली रोज दारात येऊन "बा पुट्टी, बा", म्हणजे ये बाळे ये, असं म्हणून जुईला गजऱ्यातलं एक फूल द्यायची, तिला मी हात जोडून सांगितलं, बाई, फूल द्या पण बोलू नका. ती बिचारी दुसऱ्या दिवशी आली, बोटानं खूण केली, फूल दिलं, आणि तोंडावर हात ठेवून जिना उतरली. तिला वाटलं आमच्या घरात कुणीतरी गेलंय. आणि पम्मक्काला तर जुईच्या पप्पांनी तोंडावर सांगितलं, "अक्का, राग मानू नका, पण तुमचं मराठी म्हणजे निम्मी भेसळ हाय. चार म्हैने आमच्या पोरीशी बोलू नका."

पम्मक्का टाचण्यांतनं म्हणली, "सरी."

चार महिने घरात शुद्ध मराठी. जुईचे पप्पा रोज कामावरनं आल्यावर तिच्यासमोर बसून सांगायचे, हा तांब्या, ही कळशी, हे पातेलं. मला वाटायचं मी भांड्यांच्या दुकानात बसलीय. जुई ताटली फिरवायची. तहान लागली की माझं मनगट धरायची, मला ओढत नळापर्यंत न्यायची आणि माझा हात नळावर ठेवायची. माझ्या तोंडाकडं बघायची नाही. मी म्हणायचे बघा किती हुशार, पाणी मागायला शिकली.

एक दिवस हे सगळं जिन्यातल्या नळावर झालं आणि पम्मक्का कपडे वाळत घालत होती. तिनं बघितलं. आत आली, न विचारता. टाचण्या काढल्या.

"मी तिच्याशी बोलत नाही, तुझ्याशी बोलते," म्हणली. "भाषा एक असू दे, चार असू दे, तिकडं सोड. मूल बोलायच्या आधी बोट दाखवतं. चांदोबा दाखवतं, कावळा दाखवतं, आणि आईनं बघितलं का ते वळून बघतं. मंगला, हिचं बोट कुठं आहे?"

मी जुईकडं बघितलं. दहा बोटं होती. पण तिनं एकदा तरी मला काही दाखवलं होतं का, ते आठवेना. मी आठवत बसले, आठवत बसले, आणि मग मला रडू आलं.

"तुम्हाला कसं कळतं हे?" मी विचारलं.

ती मला समोर तिच्या घरात घेऊन गेली. तिथं तिचा भाऊ वेंकण्णा बसलेला. पन्नाशी उलटलेला, दाढी केलेली, खाली बघून दोऱ्याची रिळं एका ट्रेमध्ये रंगानं लावत होता. मी एवढे दिवस त्याला येता-जाता बघत होते, नमस्कार करत होते, आणि तो कधी बघत नाही म्हणून त्याला गर्विष्ठ समजत होते. त्या घरात कुकर नव्हता. गल्ली म्हणायची पम्मक्का जुन्या वळणाची, पातेल्यात भात करते. खरं म्हणजे शिट्टी झाली की वेंकण्णा भिंतीवर डोकं आपटायचा.

"आमच्या अम्मानं ह्याला सात देवळं फिरवली," ती म्हणली. "एका बाबानं वेताच्या छडीनं भूत काढलं. शाळेत मास्तरनं हट्टी म्हणून कोंडलं. मग दोन वर्षांमागं एक डॉक्टरीण ब्लाउज शिवायला आली. मी तिचं माप घेत होते आणि ती ह्याच्याकडं बघत होती. बाही मोजेपर्यंत तिनं मला दहा प्रश्न विचारले. पन्नास वर्षांनी मला कळलं, तो हट्टी नव्हता. आम्ही त्याला ट्यूबलाइटखाली बघत होतो."

मग तिनं टाचण्या परत तोंडात घातल्या आणि म्हणली, "ती डॉक्टरीण बसवनगुडीत बसते. लहान मुलांचंच बघते. छातीचं माप छत्तीस, कंबर विचारू नको. तिच्या बहिणीच्या लग्नाचे सहा ब्लाउज माझ्याकडं आहेत. कधी वेळ देते बघूच."

तिसऱ्या दिवशी वेळ मिळाली.

जुईचे पप्पा यायला तयार नव्हते. पम्मक्का त्यांना म्हणली, "तुम्ही नका येऊ. पण सोनं खरं का खोटं बघायला कसोटीचा दगड लागतो की नाही? का दुकानात बसूनच सांगता?" ते गुपचूप चप्पल घालायला लागले. निघायच्या आधी आत्याबाईंचा फोन. "कागदावर काय बी लिहून देऊ नगंस. पोरीची जात हाय. उद्या लग्नात आडवं येतंय. इचारतील त्येला व्हय म्हण आनी मोकळी हो."

पम्मक्का दुकानातनं उठून तशीच रिक्षात बसली, तोंडात टाचण्या. रिक्षावाला पत्ता विचारत होता, ही टाचण्यांतनं सांगत होती, तो बिचारा आरशात बघून घाबरून सावकाश चालवत होता.

तिथं डॉक्टरच्या खोलीत जायच्या आधी एक कागद भरायला दिला. प्रश्न इंग्रजीत आणि कन्नडात. पम्मक्का एकेक वाचून तिच्या मराठीत सांगायची आणि मी उत्तर द्यायचे.

"नाव घेतलं की बघते का?"

"हो."

"दुसऱ्या मुलांच्यात जाते का?"

"हो."

"खोटं खोटं खेळते का? रिकाम्या कपातनं कॉफी प्यायची, बाहुलीला जेवायला घालायचं?"

जुईचे पप्पा मधेच म्हणले, "आमची पोर खोटं काय करत न्हाई."

"करत नाही तेच तर लिहायचं आहे," पम्मक्का म्हणली.

"करते," मी म्हणलं. "हो लिहा."

"बोट करून वस्तू दाखवते का?"

माझ्या डोक्यात आत्याबाईंचा आवाज. "हो," मी म्हणलं.

सगळा कागद 'हो'नंच भरला. एवढी हुशार पोर बेंगळुरात दुसरी नसेल. जुई त्या वेळी खुर्चीखाली आडवी पडून पंख्याची सावली बघत होती.

पम्मक्कानं टाचण्या काढल्या. ठेवायला गादी नव्हती, म्हणून शेजारी बसलेल्या जुईच्या पप्पांच्या शर्टाच्या बाहीत टोचल्या, एकेक करून. ते हलले नाहीत. मग तिनं कागद उचलला, माझा दंड धरला, आणि मला बाहेर दारात घेऊन गेली. पायरीवर ऊन होतं. कागद उन्हात धरला, मान तिरकी केली.

"हा रंग जुळत नाही," म्हणली. "ही तुझ्या मुलीची साडीच नाही. कुणाची आहे?"

मी दारातनं आत, जुईच्या खुर्चीखाली बघितलं.

"उद्या डॉक्टर म्हणेल मुलगी छान आहे, घरी जा. तू जाशील. आणि ती मोठी होऊन माझ्या वेंकण्णासारखी कोपऱ्यात बसेल, आणि तिला हट्टी म्हणतील. त्याच्यासाठी मी होते. हिच्यासाठी कोण?"

मी आत जाऊन दुसरा कागद मागितला. पायरीवर बसून पम्मक्का परत एकेक वाचत गेली आणि ह्या वेळी खुणा मीच केल्या. नाही, नाही, नाही, कधी कधी, नाही. पेन घट्ट दाबून धरला होता. वीस वर्षांची असताना लग्नाच्या कागदावर सही केली तेव्हा पण एवढा दाबला नव्हता.

डॉक्टरीणबाई जुईबरोबर जमिनीवर बसल्या, बराच वेळ. फुगे काढले, झाकणं फिरवली, हाका मारल्या, आम्हाला पण खूप विचारलं. मग म्हणल्या, ऑटिझमची लक्षणं दिसतायत, पूर्ण तपासणी करू, पण तोवर थांबायचं नाही, हिला शिकवायला आजपासून लागायचं. तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी विचारलं, औषधानं जाईल का. त्या म्हणल्या, हा ताप नाही जायला, ही जुईच आहे, तिच्या पद्धतीनं शिकणारी. लवकर आलात ते बरं झालं.

जुईच्या पप्पांनी विचारलं, "म्याडम, भाषेची भेसळ झाल्यामुळं झालं का हे?"

"नाही. तीन भाषांच्या घरातली मुलं पण बोट दाखवतात, नावाला वळतात. तुमच्या तोंडात सहज येते ती भाषा बोला. आणि कुणाचं बोलणं बंद करू नका, तिला माणसं लागणार आहेत."

त्यांनी खाली बाहीकडं बघितलं. बाहीत टाचण्या तशाच. मग हळूच म्हणले, "मग मी चार म्हैने काय गाळलं?"

"फूलवालीला," पम्मक्का म्हणली. "तिला परत बोलवा."

बोलावलं. तिला आधी खरं वाटेना. मग जे बोलायला लागली ते अजून थांबलेली नाही.

डॉक्टरीणबाईंनीच आम्हाला सरकारी केंद्राची चिठ्ठी दिली, तिथं आठवड्यातनं दोनदा जायचं. तिथली मुलगी जुईला शिकवायची त्यापेक्षा जास्त आम्हाला शिकवायची. खाली बसा, तिच्या डोळ्यांच्या उंचीला या, तिला आवडतं ते तुमच्या तोंडाजवळ धरा, आणि थांबा. ते थांबणं मला जमायचं नाही, मी दोन सेकंदात देऊन टाकायचे. जुईच्या पप्पांना जमलं. ताटली कपाळाजवळ धरून अर्धा अर्धा तास बसायचे. पोतंभर धुळीतनं गुंजभर सोनं काढणारा माणूस, त्याला वाट बघायला शिकवावं लागलं नाही. पम्मक्का दारातनं डोकवायची आणि म्हणायची, "काय हो, देवळातल्या मूर्तीसारखे बसलात, नैवेद्य आणू का?" पण जायची नाही, तिथंच उंबऱ्यावर बसून काज करायची. आत्याबाईंचा फोन आला की तो उचलायचा हक्क तिनं स्वतःकडं घेतला. दोघी एकमेकींना अर्धं सुद्धा समजायच्या नाहीत, त्यामुळं भांडण कधी झालं नाही.

मग वेंकण्णाला गल्लीतला आवाज सोसेनासा झाला. मेट्रोकडनं लोंढे यायचे, हॉर्न, लाउडस्पीकर, तो कानांवर उशी धरून बसायला लागला. शहराबाहेर देवनहळ्ळीच्या पुढं पुतण्यानं लेआउटमध्ये, म्हणजे नव्या प्लॉटांच्या वस्तीत, घर बांधलेलं, आजूबाजूला अजून द्राक्षाचे मळे. पम्मक्कानं एका आठवड्यात दुकान रिकामं केलं. गल्ली म्हणली, अक्का, गिऱ्हाईक? ती म्हणली, गिऱ्हाईकाला शेकडो पम्मक्का मिळतील, त्याला एकच आहे.

त्या सकाळी टेम्पो उभा होता. मागं मशीन चढवलेलं, त्याच्याभोवती ती जुनी साडी गुंडाळून टाचत होती, टेम्पोत उकिडवी बसून. वेंकण्णा पुढच्या सीटवर, मांडीवर रिळांचा ट्रे. जुई चार वर्षांची झालेली. अजून चार-पाचच शब्द, ते पण तिच्या मनात असेल तेव्हा. माझा हात धरून उभी. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, टेम्पो हादरला, आणि साडीतनं बाहेर राहिलेलं मशीनचं चाक आपोआप हळूहळू फिरायला लागलं.

जुईनं माझा हात सोडला. मी दचकलेच. पण ती कुठं गेली नाही. तिनं हात वर केला, एक बोट काढलं, चाकाकडं. आणि मग वळून माझ्याकडं बघितलं, मी बघतीय का ते. मग परत चाकाकडं.

"अक्का, बोट," मी ओरडले. "अक्का, बोट, बोट."

पम्मक्कानं मान वर केली. जुईच्या बोटाकडं बघितलं, उन्हात होतं ते, चांगलं स्वच्छ. तोंडात टाचण्या होत्या. मला वाटलं आता काढेल. तिनं नाही काढल्या. त्यांतनंच म्हणली, "हूं. सरी," आणि साडी टाचायला लागली. टेम्पो वळला. मी तिला परत बघितलेलं नाही, ती फोनवर बोलते, टाचण्यांतनंच.

आता मी घरी फॉल-बीडिंग करते, तिनंच शिकवलेलं. समोरच्या घरात नवीन लोक आलेत, आटपाडीकडचे, गलाईतलेच. काल ती सून लेकरू घेऊन माझ्या दारात आली. बरोबर तिची सासू. लेकरू दीड वर्षाचं. खाली ठेवलं तसं माझ्या डब्याचं झाकण घेऊन फिरवत बसलं. सुनेनं दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली, जुईनं वळून बघितलं, त्यानं नाही. सासू कौतुकानं म्हणली, "लई शहाणं हाय. भाषेचा गोंधळ हुतोय जरा, म्हणून आता कानडी बंद केलीया घरात."

सून माझ्याकडं बघून हसली. नवी ओळख, एकाच जिन्यात राहायचं, सासू शेजारी. माझ्या तोंडात पाच टाचण्या होत्या. तुम्ही असता तर काढल्या असत्या का?